रोपण : एका वैद्यकीय शब्दाची कुळकथा

गुडघा खरचटलेल्या मुलाची आई दोन-तीन दिवसांनीं जखम पाहते आणि म्हणते, "खपली धरली, आतां कातडी येईल." या साध्या वाक्यांतलीं दोन्ही क्रियापदें लक्षांत घेण्यासारखीं आहेत. खपली 'धरते', कातडी 'येते'. कोणी ती आणून लावीत नाहीं. ती आपण होऊन येते. हीच गोष्ट डॉक्टर इस्पितळाच्या कागदावर लिहितो तेव्हां त्याचा शब्द असतो एपिथेलियलायझेशन. महाराष्ट्रांतील शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत कातडीच्या त्या वरच्या थराच्या जातीला 'अभिस्तर ऊती' म्हटलें आहे. हिंदी पारिभाषिक कोशांत 'उपकला' हा शब्द आहे. जुन्या वैद्यकांत कातडी येण्याच्या क्रियेला 'रोहण' आणि ती घडवून आणण्याच्या उपचाराला 'रोपण' म्हणतात. एवढ्याशा घटनेला इतके शब्द असावेत यांत नवल नाहीं. नवल हें कीं, कर्जत-खालापूरच्या खाचरांत आषाढांत गुडघाभर चिखलांत उभी असलेली बाई यांतला एकच शब्द न शिकवतां ओळखील, आणि नेमका तोच शब्द या सर्वांत अधिक शास्त्रशुद्ध ठरतो.

प्रथम परदेशी शब्दाची हकीकत पाहूं. 'एपिथेलियम' हें नांव ॲम्स्टरडॅमच्या फ्रेडरिक रूइश या शरीरशास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या आरंभीं घडविलें. मृत शरीरें टिकवून ठेवण्याच्या कलेंत हा गृहस्थ इतका निष्णात होता कीं, रशियाच्या पीटर बादशहानें १७१७ सालीं त्याचा संग्रह विकत घेतला. ओठ, स्तनाग्र अशा ठिकाणचें नाजूक आवरण नेहमींच्या कातडीहून निराळें आहे, असें रूइशला दिसलें. ग्रीक भाषेंत 'एपि' म्हणजे वर आणि 'थेले' म्हणजे स्तनाग्र. तेव्हां 'स्तनाग्रावरचा पापुद्रा' एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढें एकोणिसाव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहणाऱ्या हेन्लेसारख्या जर्मन पंडितांनीं शरीराच्या बाहेरच्या कातडीला आणि आंतल्या अस्तरांनाहि तेंच नांव सरसकट लावलें. आज आंतड्याचें अस्तरहि एपिथेलियम आणि श्वासनळीचेंहि एपिथेलियम. मूळ अर्थाशीं त्यांचा कांहीं संबंध उरलेला नाहीं. शब्द चालला, रुळला, आणि त्याचें कूळ कोणी विचारीत नाहीं.

आपल्या नेहमींच्या शब्दांचें कूळ तरी काय आहे? 'कातडें' हा शब्द संस्कृत 'कृत्ति' या शब्दाकडे जातो. कृत्ति म्हणजे कापून काढलेलें चामडें. तें पांघरतो म्हणून शंकर कृत्तिवास. संस्कृत 'चर्म' आणि लॅटिन 'कोरियम' हे शब्द भाषापंडित एकाच कुळांतले समजतात, आणि तें कूळहि कापण्याचेंच. ग्रीक 'डर्मा' हा शब्द सोलणें या धातूपासून निघाला. त्याचा संस्कृतांतला नातलग 'दृति' म्हणजे पाण्याची कातडी पखाल. याचा सरळ अर्थ असा कीं, मनुष्यानें कातडीकडे प्रथम पाहिलें तें खाटकाच्या आणि चर्मकाराच्या नजरेनें. सोललेली, वाळवलेली, कमावलेली कातडी त्याला ठाऊक होती. जिवंत कातडी कशी तयार होते, हा प्रश्न त्या शब्दांत कोठेंच नाहीं.

तो प्रश्न विचारलेला दिसतो तो सुश्रुतसंहितेंत. तिच्या शारीरस्थानांत गर्भाच्या कातडीची उपपत्ति सांगतांना जी उपमा दिली आहे ती थेट स्वयंपाकघरांतली आहे : दूध तापत असतां त्यावर सायीचे थर धरावे, तशा गर्भावर सात त्वचा धरतात. अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा हीं त्यांचीं नांवें. प्रत्येकीची जाडीहि दिली आहे, आणि तिचें माप आहे व्रीही, म्हणजे भाताचा दाणा. सर्वांत वरची अवभासिनी दाण्याच्या अठराव्या हिश्शाएवढी, लोहिता सोळाव्या, श्वेता बाराव्या, ताम्रा आठव्या, वेदिनी पांचव्या. रोहिणी पुरता एक दाणा आणि मांसधरा दोन दाणे. बेरीज साडेतीन दाण्यांच्या आसपास येते. कातडीखालची चरबीहि शेवटच्या थरांत धरली असावी, एरवीं एवढी जाडी होणार नाहीं. हें माप अंगाच्या मांसल भागांपुरतेंच खरें, कपाळ आणि बारीक बोटें यांना तें लागू नाहीं, असाहि इशारा तेथें आहे. आजच्या मापानें पापणीवरचा बाह्य थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा, तर तळपायाचा दीड मिलिमीटरपर्यंत जातो. तेव्हां तो इशारा अनाठायीं नव्हता. प्रेत सात दिवस वाहत्या पाण्यांत ठेवून, मग वाळा, बांबू इत्यादींच्या कुंच्यानें हळूहळू घासून एकेक थर पाहावा, ही रीतहि त्याच ग्रंथांत सांगितली आहे. हे आंकडे नुसत्या कल्पनेंतून आले असतील असें त्यामुळें वाटत नाहीं.

सात नांवांपैकीं सहाव्या नांवाकडे लक्ष द्यावें. रोहिणी म्हणजे जी वाढवते, भरून आणते ती. मूळ धातु रुह्, म्हणजे उगवणें, वर चढणें. त्याच धातूपासून जखमेच्या अवस्थांचीं नांवें निघालीं. भरून येऊं लागलेला व्रण तो रुह्यमाण, आणि नीट भरून गेलेला तो रूढ. मराठींत रूढ म्हणजे रुळलेलें, आणि त्याचीच रूढी. समाजांत जी चाल मुरून गेली, जिचा मूळचा ओरखडा कोणास दिसत नाहीं, ती रूढी. आणि अंगावर जी जखम मुरून गेली तोहि रूढ. एखाद्या शब्दानें इतक्या दोन टोकांचे अर्थ इतक्या सहज संभाळावेत, हें कौतुक करण्याजोगें आहे. याच धातूचें प्रयोजक रूप म्हणजे रोपण. रोहण आपण होऊन होतें. रोपण मनुष्य करतो. आणि मनुष्य जें हातानें रोपतो तें रोप.

येथें कर्जत-खालापूरचा संबंध येतो. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख भाताचा आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत निघालेलीं 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' यांसारखीं वाणें कोंकणभर माहीत आहेत. उन्हाळ्यांत शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब भाजतात. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या वाफ्यांत बी पेरतात. तीन-साडेतीन आठवड्यांनीं तें आवण उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात. लावणीनंतरचे पहिले चार-पांच दिवस शेतकऱ्याच्या काळजीचे असतात. रोप पिवळें पडतें, मान टाकतें. मग एके सकाळीं तें हिरवें दिसूं लागतें. शेतकरी म्हणतो, "आवणानें जीव धरला."

आतां शस्त्रवैद्य एका जागेची कातडी काढून दुसऱ्या जागीं बसवितो तेव्हां काय होतें तें पाहावें. पहिले सुमारें दोन दिवस ती कातडी फिकट असते. तिला स्वतःचें रक्त नसतें. खालच्या जखमेंतून पाझरणाऱ्या लशीवर ती कशीबशी तगते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यांत शिरतात आणि चौथ्या-पांचव्या दिवसापर्यंत ती गुलाबी दिसूं लागते. तोंवर पट्टी हलवायची नाहीं, कातडी सरकूं द्यायची नाहीं. खाली पू असेल किंवा रक्त साचलें असेल तर ती कुजते. चिखलणी नीट न झालेल्या खाचरांत आवण मरतें तशीच. साध्या खरचटण्यांतहि हाच प्रकार लहान प्रमाणांत चालतो. नव्या पेशी जखमेच्या कांठांवरून आंत सरकत येतात, आणि जखम उथळ असेल तर केसांच्या मुळांशीं शिल्लक राहिलेल्या पेशींपासून मधेंमधें बेटें उगवतात. तीं पसरत पसरत एकमेकांना मिळतात. खाचरांत चुडांमधली मोकळी जागा फुटव्यांनीं भरून यावी तसेंच हें आहे. जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानें १९६२ सालीं डुकरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, उघड्या वाळलेल्या जखमेपेक्षां ओलावा राखून झांकलेल्या जखमेवर कातडी सुमारें दुप्पट वेगानें धरते. तोंपर्यंत जखम कोरडी ठेवावी असाच पुष्कळ डॉक्टरांचा कल होता. रोपाला ओल लागते, हें भातकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

रोपणाचा इतिहासांतला सर्वांत गाजलेला प्रयोग घाटाच्या वरच्या अंगास, पुण्याजवळ झाला. इंग्रजी कागदांत त्या माणसाचें नांव कावसजी असें आहे. नांव पारशी वाटलें तरी तो कुणबी मराठा होता, असें तेथेंच नमूद आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत तो इंग्रजी फौजेच्या बैलांवर होता. टिपूच्या हातीं सांपडला तेव्हां त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. मराठींत नाक कापणें हा नुसता वाक्प्रचार नाहीं. ती अब्रूची शिक्षा होती, आणि ती भोगून परत आलेल्या माणसाला बाजारांत तोंड दाखविणें कठीण. वर्षाहून अधिक काळ तो तसा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे कुंभारकाम करणाऱ्या, एका माणसानें त्याला नवें नाक बसविलें. असलीं कामें मुंबई सरकारच्या क्रूसो आणि फिंडले या दोन डॉक्टरांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलीं. जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत साऱ्या कृतीचें वर्णन छापून आलें.

ती कृति अशी. नाकाच्या जागेवर मेणाचें पातळ नाक करून बसवायचें, तें सपाट करून कपाळावर ठेवायचें आणि कडेनें रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची. पण दोन्ही डोळ्यांच्या मध्यें तिचा एक अरुंद देंठ तसाच ठेवायचा, म्हणजे रक्त चालूं राहील. नाकाच्या जुन्या व्रणाची कड ताजी करून तींत खांच पाडायची, कातडी अर्धा पिळा देऊन खालीं आणायची आणि तिची कड त्या खांचेंत बसवायची. टांका नाहीं. वरून पाण्यांत कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या आणि चार दिवस हात लावायचा नाहीं. मग त्या काढून तुपांत भिजवलेलें फडकें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं देंठ कापून टाकायचा. कोंकणांतील आंब्याचें भेटकलम ज्यानें पाहिलें आहे त्याला ही रीत परकी वाटणार नाहीं. तेथेंहि फांदी मूळ झाडापासून तोडीत नाहींत. कुंडींतल्या रोपाला बांधून ठेवतात, आणि सांधा जुळल्यावरच मातृवृक्षाचा देंठ कापतात.

सुश्रुतानें हीच गोष्ट गालाच्या कातडीनें करावयास सांगितली होती. पानाच्या मापानें कातडी घेणें, श्वासासाठीं दोन नळ्या बसविणें, पतंगाचें लांकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन यांचें चूर्ण भुरभुरविणें, कापूस ठेवून तिळाचें तेल शिंपडणें, असा तो विधि आहे. पुण्याच्या कुंभारानें गालाऐवजीं कपाळ घेतलें आणि चूर्णाऐवजीं काथ. त्यानें संहिता वाचली असण्याचा संभव फार थोडा. विद्या हातांतून हातांत आली, आणि येतां येतां सुधारली. कपाळावरचा व्रण पागोट्याखालीं झांकतो, गालावरचा कसा झांकणार? लंडनला पोंचलेल्या त्या पत्रांत रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांचीं आहेत. करणाऱ्याची फक्त जात आहे.

त्या काळीं पुण्याहून मुंबईची वाट बोरघाट उतरून खोपोली-खालापुरावरून पनवेलीस जाई. नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ खोपोलीस आजहि त्या वाटेची साक्ष देतात. या वाटेच्या दोहों अंगांच्या रानांत तेव्हां जी वस्तु तयार होत होती, तीच कावसजीच्या नाकावर लागलेली वस्तु होती : काथ. खैराच्या लांकडाचा गाभा तासून, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून, तो अर्क आटवून वड्या पाडणें हा ज्यांचा धंदा, ते काथोडी किंवा कातकरी. कर्जत आणि खालापूर हे त्यांच्या वस्तीचे मुख्य तालुके. युरोपांतील व्यापाऱ्यांनीं काथाला 'टेरा जॅपोनिका', म्हणजे जपानची माती, असें नांव दिलें होतें. तो मातीहि नव्हे आणि जपानचाहि नव्हे. नांवांची अशी फसगत एपिथेलियमपुरतीच नव्हती. काथांतील तुरट द्रव्यें जखमेवरच्या लशीला आणि रक्ताला आवळून तिचा घट्ट पापुद्रा करतात, रक्त थांबवितात आणि कडा सरकूं देत नाहींत. टांके न घालतां नाक जागेवर राहिलें तें या पापुद्र्याच्या बळावर. चहांतल्या ज्या 'कॅटेचिन' द्रव्याची आज आरोग्याच्या स्तंभांतून एवढी वाहवा होते, त्याचें नांवहि काथाच्या 'कॅटेच्यू' या परदेशी नांवावरूनच पडलें आहे.

कातकऱ्यांच्या हातांत मात्र तो धंदा राहिला नाहीं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांत खैर तोडणें गुन्हा ठरूं लागलें. मग कोळसा पाडणें, लांकडें वाहणें, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, असें करीत करीत आजमितीस त्यांतलीं कितीतरी कुटुंबें पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या नांवांत अजून काथ आहे, घरांत नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांत पुण्याच्या कुंभाराला निदान जातीपुरती जागा मिळाली. काथ उकळणाऱ्यांना तेवढीहि नाहीं.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तें मासिकांतलें वर्णन मनावर घेतलें, प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर पुण्याच्या पद्धतीनें नाक बसविलें. त्यावरचें त्याचें पुस्तक १८१६ सालीं निघालें, आणि 'हिंदी पद्धति' हें नांव युरोपांत रूढ झालें. इटलींत तागलिआकोत्सीनें १५९७ सालींच दंडाच्या कातडीनें नाक करण्याची रीत छापली होती. पण ती मधल्या काळांत मागें पडली होती. पुढें १८६९ सालीं पॅरिसांत रेव्हेर्दां या तरुण डॉक्टरनें निराळीच वाट काढली. त्यानें देंठ ठेवलाच नाहीं. कातडीच्या वरच्या थराचे अगदीं बारीक तुकडे कापून ते भरून न येणाऱ्या जखमेवर अंतरा-अंतरानें ठेवले, आणि प्रत्येक तुकड्याभोंवतीं कातडी पसरूं लागली. हें भेटकलम नव्हे, ही लावणी.

रेव्हेर्दांच्या मातृभाषेंत या कृतीस 'ग्रेफ' आणि इंग्रजींत 'ग्राफ्ट' म्हणतात. तो माळ्याचा शब्द आहे, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील लेखणीच्या नांवांत आहे. कलमाची छाटलेली काडी टोकदार लेखणीसारखी दिसते म्हणून. आपला 'कलम' हा शब्द अरबींतून आला. त्याचाहि अर्थ लेखणी, आणि त्याच्या मागेंहि ग्रीक बोरूच उभा आहे. दोन टोकांच्या माळ्यांना एकच उपमा सुचावी, आणि दोन्हीकडच्या शस्त्रवैद्यांनीं आपला शब्द बागेंतूनच घ्यावा, हा योग मोठा गंमतीचा आहे. मराठीनें कलम आंब्याला दिलें आणि कातडीसाठीं रोपण राखलें. 'त्वचारोपण' हा शब्द आज वर्तमानपत्रांतून सर्रास येतो, आणि वाचकाला त्यासाठीं कोश उघडावा लागत नाहीं.

'अभिस्तर' हा शब्द त्यामानानें थंड आहे. वर पसरलेला थर एवढेंच तो सांगतो. चादर, रंगाचा हात, छपराचें शाकार, कशालाहि तो चालेल. पण त्याला अगदींच निकालांत काढणें न्यायाचें होणार नाहीं, कारण एका जागीं तोच नेमका बसतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत २००० सालीं त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या दग्धोपचार केंद्रांतहि तशी पेढी आहे, आणि खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतून भाजलेला कामगार पुष्कळदां तेथेंच न्यावा लागतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत मांड्या आणि पाठ अशा जागांवरून कातडीचा पातळ थर काढून घेतात. ग्लिसरॉलमध्यें थंड जागीं ठेवली तर ती पांच वर्षेंपर्यंत उपयोगी पडते. फार भाजलेल्या रोग्याच्या अंगावर ती पसरली म्हणजे पाणी झिरपणें थांबतें, जंतूंचा शिरकाव कमी होतो, वेदना उतरतात. पण ती जीव धरीत नाहीं. परक्याची म्हणून शरीर तिला ओळखतें आणि कांहीं आठवड्यांत सोडून देतें. तोंवर रोग्याच्या स्वतःच्या शिल्लक कातडीचे पातळ काप काढून, त्यांना जाळीसारख्या चिरा देऊन, ताणून, थोड्याथोड्या जागेवर ते लावीत जावें लागतें. दात्याची कातडी हा अभिस्तर. रोग्याच्या स्वतःच्या कातडीचें तें रोपण. चार-पांच दिवसांनीं पट्टी सोडतात तेव्हां जाळीच्या भोंकांच्या कडा गुलाबी झाल्या आहेत कीं नाहींत, एवढेंच डॉक्टर प्रथम पाहतो.